शिळे कोणाच्या ताटात?



आमच्या देवणी भागात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास खेळत असतो. 14 एप्रिलची जयंती आणि वैशाख पौर्णिमेची खीर, दोन्ही याच उन्हात येतात. घरोघरी पाहुणे येतात, मोठी पातेली चढतात, आणि रात्री भांडी घासायच्या वेळी प्रश्न उभा राहतो की उरले त्याचे काय करायचे? आता पुष्कळ घरांत हप्त्याने घेतलेला फ्रीज आला आहे. उरलेले सगळे त्यात कोंबायचे, दार लावायचे आणि निर्धास्त झोपायचे, अशी रीत पडली आहे. वस्तू घरात आली, पण ती वापरायची विद्या बरोबर आली नाही. म्हणून आज याच विषयावर लिहावे असे आम्ही ठरवले.

शिळ्या अन्नाशी आपले नाते जुने आहे, आणि ते दुःखाचे आहे. येसकराच्या पाळीला दारोदार फिरून भाकर गोळा करायची आणि ती पोराबाळांत वाटून खायची, हे आपल्या आजा-पणजांनी भोगले. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडून देण्यास सांगितले, ते उगीच नाही. दुसऱ्याने टाकलेले खाणारा माणूस स्वतःलाही टाकाऊ समजू लागतो, हे त्यांनी ओळखले होते. परंतु स्वतःच्या कष्टाचे अन्न नीट जपून दुसऱ्या दिवशी खाणे यात लाजण्यासारखे काही नाही. लादलेले शिळे वेगळे आणि राखून ठेवलेले अन्न वेगळे.

अन्न राखण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असेही नाही. मांसाचे लांब पट्टे कापून उन्हात दोरीवर वाळवलेल्या चान्या, सांडगे, कुरड्या, कडक भाकरी, हे सगळे काय होते? अन्नातले पाणी काढून घेतले की त्यात जंतू वाढत नाहीत, हे आपल्या आयाबायांना अनुभवाने कळले होते. श्री. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या लोकांचे खाणेपिणे नोंदवून ठेवले आहे. 2024 साली ते इंग्रजीतही गेले. ज्यांच्या घरी ते मिळेल त्यांनी जरूर वाचावे.

गोठवण्याची विद्याही अशीच कष्टकऱ्यांच्या अनुभवातून आली. 1912 नंतरची काही वर्षे क्लेरेन्स बर्ड्‌सआय नावाचा अमेरिकन माणूस कॅनडाच्या लॅब्राडोर भागात राहत होता. तिथले मूळ रहिवासी इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासा बाहेर काढताच तो क्षणात गोठतो, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिले. झटकन गोठले की बर्फाचे कण बारीक होतात, हळू गोठले की मोठे होतात आणि पदार्थाचा पोत फाडतात, हे त्यातले मर्म. त्यावर त्याने यंत्रे केली, पेटंटे घेतली, आणि 1930 साली अमेरिकेत गोठवलेले अन्न दुकानांत विकायला आले. नाव त्याचे झाले, मूळ विद्या इन्युइटांची राहिली.

आता हिशेबाकडे येऊ. आम्ही कारकुनी करणारे, आम्हाला आकड्यांतून लवकर समजते. जंतूंची वाढ सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी असते. ऊबदार हवेत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे तासाभरात 8 होतात, दोन तासांत 64, आणि चार तासांत 4096! 5 अंशांपासून 60 अंशांपर्यंतची ऊब त्यांना मानवते. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये गेले पाहिजे, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एका तासाच्या आत. मोठे पातेले तसेच ठेवले तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. उथळ डब्यांत वाटून घ्यावे, डबे परातीत गार पाण्यात ठेवावेत, वाफ गेली की झाकण लावून आत सरकवावेत.

काही भगिनी म्हणतात, “सकाळी उकळून घेतलं की झालं.” इथेच घात होतो. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच अन्नात सोडलेले विष उकळूनही जात नाही. भातातल्या एका जंतूची बीजे तर भात शिजला तरी जिवंत राहतात, आणि भात रात्रभर बाहेर राहिला की वाढू लागतात. गोठवल्यानेही जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. फ्रीज ही तिजोरी आहे. खोटे नाणे आत ठेवले तर खोटेच बाहेर निघणार.

ही भीती पुस्तकातली नाही. मे 2022 मध्ये आमच्या शेजारच्या निलंगा तालुक्यात केदारपूरच्या लग्नातील जेवणानंतर तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यात कोष्टवाडी येथे महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. जयंतीची पंगत घालणाऱ्या मंडळांनी ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत, आणि उरलेली दुधाची खीर दुसऱ्या दिवशी लहान मुलांना वाटू नये.

काय गोठवावे आणि काय नाही? पुरण, शिजवलेली उसळ, मटणाचा रस्सा छान राहतात. रश्श्यातला बटाटा मात्र भुसभुशीत होतो, तो काढून घ्यावा. अंडे कवचासकट गोठवले तर तडकते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. फेटून शिजवलेले अंडे मात्र चालते. फ्रान्समध्ये कणकेच्या पारीत अंडी आणि दूध ओतून भाजलेला कीश नावाचा पदार्थ असतो. तो तिथल्या बाया निवल्यावर तुकडे करून गोठवतात आणि पारी मऊ पडू नये म्हणून भट्टीतच गरम करतात. आपल्या धपाट्यांना तोच न्याय लावावा. मध्ये कागद घालून गोठवावीत आणि थेट तापल्या तव्यावर थोड्या तेलावर टाकावीत. भाकरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात लवकर वाळते, त्यापेक्षा ती फडक्यात गुंडाळून टोपलीत बरी.

एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा नेहमी उणे 18 अंशांपर्यंत जात नाही. म्हणून त्यात ठेवलेले आठ-पंधरा दिवसांत संपवावे. डब्यावर चिठ्ठी चिकटवून तारीख घालावी, कचेरीतल्या आवक-जावक वहीसारखी. आधी आलेले आधी जावे. वीज जाते त्यासाठी एक युक्ती सांगतो. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले तर तुमच्या मागे कप्पा वितळून पुन्हा गोठला होता असे समजा, आणि त्यातले मटण खाऊ नका.

गोठलेला डबा ओट्यावर ठेवून विरघळवू नये, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवावा. गरम करताना रस्सा मधूनमधून ढवळून खदखदून उकळावा. लागेल तेवढेच काढावे. एकदा गरम केलेले पुन्हा आत टाकू नये.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. घरात शिळे कोणाच्या ताटात पडते? पुरुषाला गरम भाकर, मुलांना ताजे कालवण, आणि कालचे उरलेले मुकाट्याने आई खाते. ती दिवसभर रोजाने गेलेली असते, अंगणवाडीत राबलेली असते. गावाने आपल्याला दिलेली वागणूक आपण चुलीपाशी तिला देतो आहोत. फ्रीजचा खरा उपयोग इथे आहे. रविवारी सर्वांनी मिळून चार डबे करून ठेवले तर तिला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी विश्रांती मिळेल. अट एकच. ठेवलेले अन्न गरम होईल तेव्हा ते सर्वांच्या ताटात सारखे वाढले जावे, आणि पहिला घास घराच्या कर्त्या पुरुषाने घ्यावा. त्याच्या घशाखाली जे उतरत नाही, ते तिच्याही ताटात पडता कामा नये.