डिकीत वूफर बसविण्यापूर्वी

गाडीच्या डिकीत काय असावे, हा प्रश्न आरोग्याच्या सदरात कोठून आला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु साठी ओलांडलेली बरीच मंडळी आज दवाखान्यात, रक्ततपासणीला, डायलिसिसला किंवा फिजिओथेरपीला जातात ती मुलाच्या वा नातवाच्या छोट्या मोटारीतून. अशा घरात ती मोटार म्हणजे अर्धी रुग्णवाहिकाच असते. तिच्या डिकीत जे बसते आणि ज्याला तेथे जागा उरत नाही, त्या दोहोंचा वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीशी थेट संबंध असतो.

पहिला पगार किंवा दिवाळीचा बोनस हाती आला की तरुण मुले हौसेने गाडीत वूफर, बेसट्यूब, अँप्लिफायर बसवून घेतात. ही हौस मोडावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. संगीत सर्वांनाच हवे असते. मात्र ज्या गाडीतून आजी-आजोबा फिरतात, त्या गाडीत हे काम करविण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार घरात बसून व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वडीलधाऱ्यांचे कान आणि ठेक्याचा आवाज

निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वूफरचे काम त्यांतील अगदी खालच्या, म्हणजे मुख्यतः १०० हर्ट्झच्या आतबाहेरच्या ध्वनींचे. ढोल-ताशाचा ठोका, बास गिटारची घरघर यांचे. वयोमानानुसार श्रवणशक्ती कमी होते तेव्हा आधी उणावतात ते वरच्या पट्टीतले ध्वनी. स, श, च, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती बहुतांशी याच वरच्या पट्टीवर. म्हणून आजोबा म्हणतात, ‘‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत.’’

खालच्या पट्टीचा जोरकस आवाज वरच्या पट्टीचे ध्वनी झाकून टाकतो, हा श्रवणाचा नियमच आहे. वूफरचा ठेका वाढला की मागच्या आसनावरील आजीला गाण्याचे शब्द आणि शेजारी बसलेल्या सुनेचे बोलणे, दोन्ही अधिकच अस्पष्ट होतात. त्यात छोट्या हॅचबॅक गाडीची डिकी प्रवाशांच्या जागेपासून पत्र्याच्या भिंतीने तोडलेली नसते. पेटी थेट मागच्या आसनाच्या पाठीशी येते, आणि बंद लहान जागेत खालचे ध्वनी आणखी फुगतात. पुढे गाडी चालविणाऱ्याला जो आवाज ‘बेताचा’ वाटतो, तो मागे बसणाऱ्याला बेताचा वाटेलच, असे नाही.

आणखी एक विसंगती घरोघरी दिसते. हळू बोलले तर आजोबांना ऐकू येत नाही. जरा मोठ्याने बोलले की ‘‘ओरडतोस कशाला?’’ म्हणून ते रागावतात. हा त्यांचा हेकेखोरपणा नव्हे. आतल्या कानातील केशपेशी झिजल्या की ऐकू येण्याची किमान पातळी वर सरकते, पण असह्य होण्याची पातळी तेथेच राहते. मधला पट्टा अरुंद होतो. अशा कानाला मोठा आवाज नको असतो. स्पष्ट आवाज हवा असतो.

मर्यादेचा हिशेबही लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला ४ तासांवर येते. दणकट वूफर बसविलेल्या बंद गाडीत आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. झिजलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत, म्हणून ही मर्यादा आजोबांइतकीच नातवासाठीही आहे. मोबाइलवरील आवाजमापकावर मात्र विसंबू नये. ती ॲप खालच्या पट्टीचा आवाज बहुधा कमी भरवतात.

डिकीतील जागा कोणाची?

माझ्याकडे येणारे एक ७४ वर्षांचे निवृत्त शिक्षक. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा पाय अशक्त झाला होता. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी चालू होती आणि वॉकर घेऊन ते बऱ्यापैकी चालू लागले होते. मग त्यांचे जाणे थांबले. सून म्हणाली, ‘‘डॉक्टर, बाबा हल्ली कंटाळा करतात. निघायची वेळ झाली की नको म्हणतात.’’

पक्षाघातानंतर उदासीनता येऊ शकते, म्हणून त्या दिशेने विचारपूस केली. रक्तदाब, साखर, औषधे तपासली. कशातच बोट ठेवण्यासारखे काही नव्हते. शेवटी विचारले, ‘‘सर, दवाखान्यात येताना वॉकर कुठे ठेवता?’’ ते जरा वेळ गप्प राहिले. मग कळले, की गाडी सीएनजीवर चालणारी. डिकीची अर्धी जागा सिलिंडरने व्यापलेली. उरलेल्या जागेत नातवाने वूफरची पेटी बसविली होती. वॉकर घरीच राहू लागला होता. नातवाच्या खांद्याला धरून पायऱ्या चढताना एकदा तोल गेला, आणि त्या दिवसापासून सरांनी बाहेर पडणेच टाळले. ‘‘पोरानं पहिल्या पगारातून बसवलंय. त्याला कशाला बोलू?’’ हे त्यांचे कारण.

नातवाला ठाऊक असते तर त्याने पेटी बसविलीच नसती. समजताच त्याने ती काढलीही. सर पुन्हा जाऊ लागले. परंतु पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि त्यातील सात आठवडे वाया गेले होते. वडीलधारी माणसे अडचण सांगत नाहीत, ती फक्त घरात बसू लागतात. म्हणून काळजी घेणाऱ्यांनी हा हिशेब आपण होऊन करावा. वॉकर, घडीची चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची यांपैकी जे लागते ते प्रत्यक्ष डिकीत ठेवून पाहावे आणि उरलेल्या जागेतच हौस बसवावी. स्टेपनी काढून त्या खळग्यात वूफर बसविण्याची कल्पना कोणी सुचविली, तर रात्री रुग्णाला घेऊन निघाल्यावर वाटेत चाक पंक्चर होण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

तार, फ्यूज आणि बॅटरी

गाडीचे दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून सुमारे ९-१० अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. ३०० वॉट आरएमएस क्षमतेचा अँप्लिफायर पूर्ण जोरात ३० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह इंजिनाकडील बॅटरीपासून डिकीपर्यंत नेणारी तार पुरेशी जाड असावी. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असावा, आणि पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडे असावे. हे नसल्यास तारेचे आवरण घासून आग लागण्याचा धोका असतो, आणि गुडघे धरलेल्या माणसाला गाडीतून चटकन उतरता येत नाही. सीएनजीचा सिलिंडर असल्यास त्याच्या व्हॉल्व्हजवळून आणि नळीलगत तारा नेऊ नयेत. हवा खेळण्याच्या वाटा पेटीने बुजवू नयेत. डिकीच्या तळाला छिद्र पाडण्यापूर्वी खाली इंधनाची टाकी वा नळी नाही ना, हे कारागिराने वाकून पाहिलेच पाहिजे.

अँप्लिफायर चालू-बंद करणारी बारीक तार स्टिरिओला जोडायची असते. ती थेट बॅटरीला जोडली, तर गाडी बंद असतानाही अँप्लिफायर जागा राहतो आणि बॅटरी उतरते. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले आणि गाडी सुरूच झाली नाही, असे होऊ नये. (अशा वेळी गाडीशी झटापट न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.)

पेटी पक्की बांधलेली असावी. ताशी ५० किलोमीटर वेगातील गाडी आदळून एकदम थांबली, तर २० किलोची मोकळी पेटी क्षणभर शेकडो किलोंच्या जोराने पुढे येते, आणि छोट्या गाडीत तिच्या वाटेत मागच्या आसनावरील माणसांचीच पाठ असते.

अँप्लिफायर तापतो, म्हणून त्यावर शाल, चादर, पिशव्या टाकू नयेत. ऑक्सिजनचा सिलिंडर त्याच्या शेजारी ठेवू नये. ऑक्सिजनमुळे आग झपाट्याने भडकते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत इन्शुलिन किंवा जिभेखाली ठेवायच्या हृदयविकाराच्या गोळ्या तर कधीच नकोत.

पेसमेकर आणि श्रवणयंत्र असल्यास

वूफरच्या मागे मोठे लोहचुंबक असते. छातीत पेसमेकर किंवा आयसीडी बसविलेल्या व्यक्तीने गाडीत नेहमीच्या जागी बसण्यास हरकत नसते. मात्र वूफर छातीशी धरून उचलणे टाळावे. लोहचुंबक यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावे, तेही सैल अर्थाने नव्हे. चुंबक जवळ आल्यास पेसमेकर ठरावीक गतीवर जातो आणि आयसीडीचा उपचार तात्पुरता थांबू शकतो. दूर केल्यावर यंत्र सहसा पूर्ववत होते. तरीही चक्कर आली किंवा धडधडले, तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना गाडीत सतत गुणगुण ऐकू आली, तर यंत्र ‘टी-कॉइल’वर तर नाही ना, हे पाहावे. विजेच्या तारांची गुणगुण ते पकडते. गाडीत श्रवणयंत्र काढून ठेवण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. यंत्र काढावेसे वाटते, याचाच अर्थ आवाज जास्त आहे.

मग करावे काय?

पैसे खर्च करण्यापूर्वी स्टिरिओवरील फेडर पुढच्या बाजूला सरकवावा, बास दोन-तीन घरे कमी करावा. एवढ्यानेच मागच्या आसनावरील त्रास पुष्कळ कमी होतो. खर्च करायचाच असेल, तर पुढच्या दारांत चांगले स्पीकर आणि दारांच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट, हा पहिला पर्याय ठेवावा. रस्त्याचा आवाज घटतो, शब्द स्पष्ट होतात आणि डिकी रिकामी राहते. ठेका हवाच असेल, तर आसनाखाली मावणारा चपटा वूफर मिळतो. त्याचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करणारी कळ चालकाच्या हाताशी बसवून घ्यावी. आजी गाडीत बसली की ती शून्यावर यावी.

काम झाल्यावर एक साधी परीक्षा घ्यावी. गाणे नेहमीच्या आवाजात लावून घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला मागे बसवावे आणि पुढून नेहमीच्या स्वरात विचारावे, ‘‘आजी, औषधाची पिशवी घेतलीस ना?’’ उत्तर आले तर आवाज योग्य. ‘‘काय म्हणालास?’’ असे आले, तर तो कमी करावा. आवाज कमी करूनही हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर वय झाले म्हणून सोडून न देता कानांची तपासणी करून घ्यावी. कित्येकदा कानात साठलेला मळ एवढेच कारण निघते, आणि तो काढणे दवाखान्यातले दहा मिनिटांचे काम असते.