घाट सोपा, किनारा अवघड

पुण्याहून सायकलने समुद्र गाठण्याचा बेत आखणाऱ्या नवख्या सायकलस्वाराला धास्ती असते ती घाटाची. घाट एकदा उतरला की पुढे नारळी-पोफळीच्या सावलीतून जाणारा सपाट रस्ताच लागणार, अशी त्याची समजूत असते आणि नकाशाही तिला दुजोरा देतो, कारण कागदावर किनारा एका सलग रेषेत दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्री ओलांडणे हा या प्रवासातला मोठा असला तरी सरळ हिशेबाचा भाग आहे. सायकलस्वाराचा खरा कस लागतो तो घाट संपल्यावर, किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या आणि खाडीखाडीला तुटणाऱ्या रस्त्यावर.

सह्याद्रीला पर्वतरांग म्हटले जात असले तरी भूरचनेच्या दृष्टीने तो दख्खनच्या पठाराचा पश्चिमेकडचा तुटलेला काठ आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्यामुळे पश्चिमेकडे निघालेल्या सायकलस्वाराला घाटमाथ्यापर्यंत फारसे चढावे लागत नाही, आणि माथा आला की जमीनच पायाखालून निघून गेल्यासारखी खाली जाते. नद्यांनाही हाच उतार लागू आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या 64 किलोमीटरांवर असूनही पूर्वेकडे वळते आणि सुमारे 1,400 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते; तिच्याच शेजारी उगम पावणारी सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उतरते आणि थोडक्या वाटचालीत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते.

पुणेकर सायकलस्वारांचा कोकणात उतरण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी आणि ताम्हिणी करत विळे, निजामपूर व माणगाव गाठणारा रस्ता. त्याचा मोठा टप्पा मुळशी धरणाच्या जलाशयाच्या कडेने जातो. मुळा ही मूळची पूर्ववाहिनी नदी. तिचे पाणी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते मुळशीला अडवून डोंगरातून पश्चिमेकडे वळवण्यात आले आणि घाटाच्या पायथ्याशी भिरा येथे, 1927 साली सुरू झालेल्या वीजगृहात, सुमारे 500 मीटर खाली सोडण्यात आले. तेथून ते कुंडलिका नदीतून कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जाते. ज्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांनी 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली केलेला मुळशी सत्याग्रह हा धरणग्रस्तांच्या लढ्यांतील अगदी सुरुवातीचा लढा होय. या रस्त्यावरून सायकल चालवताना तळ्याच्या देखाव्याची छायाचित्रे काढणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास ठाऊक असायला हवा.

घाटाच्या चढाचे माप टक्क्यांत सांगतात: 100 मीटर पुढे जाताना रस्ता 6 मीटर उंच होत असेल, तर तो चढ 6 टक्क्यांचा. डोंगराळ भागातील मोठ्या रस्त्यांची आखणी करताना चढ साधारण 5 ते 6 टक्क्यांत बसवण्याचा प्रयत्न असतो, कारण तो अवजड वाहनांना झेपावा लागतो. ट्रकसाठी पाळलेल्या या शिस्तीचा लाभ सायकलस्वारालाही मिळतो. सायकल आणि सामान धरून 85 किलो वजन 500 मीटर उंच चढवायचे तर शरीराला अन्नातून चारशेहून थोड्या अधिक किलोकॅलरी खर्चाव्या लागतात, म्हणजे साधारण तीन-चार भाकऱ्यांची ऊर्जा. ती तासाभरात खर्च करायची की दोन तासांत, हे चालवणाऱ्याच्या हातात असते. हलका गिअर टाकून, श्वास न फुलू देता, एका लयीत पायडल मारणारा साधा सायकलस्वारही कोकणातून पुण्याकडे येताना ताम्हिणी चढून जातो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्याची प्रथा आहे, परंतु शर्यतीबाहेरच्या माणसाला घाट जिंकण्याची गरज नसते, तो नुसता पार करायचा असतो.

वरंधा किंवा आंबेनळीसारख्या घाटांत जेथे रस्ता केसाच्या पिनेसारखा उलटा वळतो, तेथे मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. अशा वळणाच्या आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला उंचीतला फरक सारखाच असतो, पण आतल्या कडेचे अंतर फारच कमी असल्यामुळे तेथे चढ एकदम उभा होतो. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्याने डाव्या वळणावर सायकलस्वार नेमका आतल्या, उभ्या बाजूला सापडतो आणि उजव्या वळणावर त्याला बाहेरची सौम्य बाजू आपसूक मिळते. म्हणून जाणते सायकलस्वार डावे वळण येण्याच्या बरेच आधी गिअर हलका करून घेतात. ऐन वळणावर, चेनवर पूर्ण जोर असताना गिअर बदलू पाहणाऱ्याची चेन उतरते आणि मागून ट्रक येत असेल तर ती फजिती राहत नाही, तो धोका होतो.

माणगावहून म्हसळामार्गे दिघी, दिवेआगर किंवा श्रीवर्धनला पोहोचल्यावर सागरी रस्ता सुरू होतो आणि ही सारी शिस्त संपते. कोकणाची भूमी सपाट नाही. सह्याद्रीपासून निघालेल्या डोंगरसोंडा थेट समुद्रापर्यंत पोहोचतात आणि त्यांच्या माथ्यावर जांभ्या दगडाची उघडी पठारे पसरलेली असतात, ज्यांना कोकणात सडा म्हणतात. दोन सड्यांच्या मधून नदी उतरते. शेवटच्या हिमयुगानंतर जगभरच्या समुद्रांची पातळी सुमारे 120 मीटरने वाढली, तेव्हा या नद्यांच्या मुखांकडच्या दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले आणि त्यांच्या खाड्या झाल्या. परिणामी किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारा रस्ता खाडीच्या किंवा वाडीच्या पातळीला उतरतो, लगेच सड्यावर चढतो, सडा ओलांडून पुन्हा खाली येतो आणि दिवसभर हाच क्रम चालू राहतो.

हे चढ लांबीने लहान असतात, पण गावरस्ते जोडून तयार झालेल्या या मार्गावर काही ठिकाणी ते 10 टक्क्यांच्याही पुढे जातात. शिवाय घाटात चढून कमावलेली उंची लांब उतारावर वेगाच्या रूपाने परत मिळते, तशी ती येथे मिळत नाही. उताराच्या तळाशी बहुधा अरुंद पूल, देवळापाशी काटकोनात वळणारा रस्ता किंवा भर बाजार असतो, त्यामुळे सगळा वेग ब्रेकमध्ये जिरवावा लागतो आणि पुढचा चढ जवळजवळ थांबलेल्या अवस्थेतून सुरू करावा लागतो. केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ या पट्ट्यात दिवसाला 100 किलोमीटर ठरवून आलेले अनेक जण 70 किलोमीटरांतच थकतात ते याच कारणाने. त्यांच्या तयारीत खोट नसते, हिशेबात असते.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापत असल्याने समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, आणि रात्री उलट दिशेने वाहतात ते मतलई वारे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा प्रामुख्याने वायव्येकडून येतो, म्हणून रेवसकडून रेड्डीकडे, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो, तर उलट येणाऱ्याला आरे-वारेसारख्या उघड्या रस्त्यावर छातीवर झेलावा लागतो.

या मार्गाचा आत्मा मात्र खाडी ओलांडण्यात आहे. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा–दिघी, सावित्रीवर बागमांडला–वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी चालतात. त्यांपैकी दाभोळ–धोपावे ही सेवा 2003 साली सुरू झाली आणि खाडीपलीकडच्या गुहागरला जाण्यासाठी चिपळूणवरून घालावा लागणारा मोठा वळसा टळला. बोट धक्क्याला लागली की लोखंडी फळी जमिनीवर टेकते. ती ओली आणि शेवाळलेली असते आणि सायकलच्या बुटांच्या तळाला पायडलमध्ये अडकवण्यासाठी बसवलेली कडक पट्टी तिच्यावर हमखास घसरते, म्हणून सायकल हाताने धरून, टाचा जपत, मोटारसायकलींच्या रांगेतून आत न्यावी लागते. कठड्याला सायकल टेकवून चार घोट पाणी पिईपर्यंत पलीकडचा किनारा येतो. खाऱ्या हवेने चेनवर रात्रीत गंज धरतो, तेव्हा मुक्कामाला पोहोचल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसून तेल देण्याचे काम जेवणाआधी उरकलेले बरे.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार पुण्यात चांगला रुजला आहे. त्यात शर्यत नसते, ठरावीक अंतर ठरावीक वेळेत स्वतःच्या बळावर पुरे करायचे असते; 200 किलोमीटरांना साडेतेरा तास, 600 किलोमीटरांना 40 तास. या मापाने पाहिले तर फेरीबोटीची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास वाया गेलेला वाटेल. पण किनाऱ्याचा रस्ता या मापाने मोजूच नये. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, शाळेची मुले आणि दुचाकीवरून पलीकडच्या गावी निघालेला शेतकरी यांच्यासोबत खाडी ओलांडताना जो कोकण कळतो, तो सड्यावरून वेगाने जाताना कळत नाही.

रेवस–रेड्डी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. आजारी माणसाला रात्री रुग्णालयात नेणाऱ्या गावकऱ्याला पूल हवा आहे आणि तो झालाच पाहिजे. सायकलस्वाराच्या हौसेसाठी त्याला विरोध करणे अन्यायाचे होईल. प्रश्न एवढाच आहे की रुंद झालेल्या रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या बाजूला सायकलला जागा कोठे राहणार. नव्या काँक्रीट रस्त्यांवर कडेची साइडपट्टी अनेकदा वीतभर खाली राहते, आणि गाडीला वाट देण्यासाठी कडेला सरकलेल्या सायकलचे चाक त्या धारेवरून घसरले की सायकलस्वार पडतो. हे केवळ पुण्याहून सहलीला येणाऱ्यांचे गाऱ्हाणे नाही, कारण किनाऱ्यावरच्या गावांत शाळेला आणि बंदरावर सायकलनेच जाणारी माणसे अजून आहेत.

म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि महामंडळाने साइडपट्ट्या रस्त्याच्या पातळीत भरून घ्याव्यात, पुलांच्या आराखड्यात दोन्ही अंगांना सायकल आणि पादचाऱ्यांसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी ठेवावी, आणि पूल झाल्यावरही निदान दाभोळ आणि बागमांडल्याची फेरी चालू राहील अशी व्यवस्था करावी. साइडपट्टी नंतरही दुरुस्त करता येते. पुलाचे खांब एकदा उभे राहिले की त्याची रुंदी सहजी वाढवता येत नाही.