थांबलो तर काय होईल?

गेल्या आठवड्यातली गोष्ट. धो धो पाऊस, रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि मी स्कूटी बाहेर काढतेय. का? तर सहाला इंटरव्ह्यू ठरलाय! आई दारातून ओरडली, "अगं, थांब की जरा!" पण थांबणं आपल्या डिक्शनरीत आहे कुठे?

पोचले. धडधाकट आहे. पण रात्री जेसिका डब्रॉफ आठवली.

ही अमेरिकेतली सात वर्षांची मुलगी. 10 एप्रिल 1996 ला कॅलिफोर्नियातून छोट्या विमानाने देश पार करायला निघाली. सोबत बाबा आणि फ्लाइट इन्स्ट्रक्टर. आठ दिवसांचा प्लॅन आणि मीडियाचा भरपूर गाजावाजा! पहिला मुक्काम वायोमिंगमधलं शायेन. दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ अगदी जवळ आलेलं. तरी टेक-ऑफ केलं. थोड्याच वेळात विमान वस्तीत कोसळलं. तिघंही गेले.

चौकशीत काय निघालं? चार सीटचं ते सेस्ना मर्यादेपेक्षा 96 पौंड, म्हणजे साधारण 44 किलो जड होतं. शायेनचा विमानतळ सहा हजार फुटांवर, आपल्या महाबळेश्वरहूनही उंच. तिथली हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद कमी पडते आणि पंखांनाही कमी उचल मिळते. त्यात पाऊस आणि सोसाट्याचा वारा. वेग पडला, विमान 'स्टॉल' झालं. म्हणजे इंजिन बंद पडलं असं नाही. पंखांना विमान पेलवेना. निर्णय चुकला तो इन्स्ट्रक्टरचा. पण का चुकला? अहवाल सांगतो, अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळायच्या हट्टापायी. आणि त्या हट्टामागे, काही अंशी, मीडियाला दिलेले शब्द होते.

हे वाचून मी, मीडियावाली, गप्पच झाले.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, लायसन्स नसलेल्यांनी विक्रमासाठी विमान चालवायचं नाही. आपल्या प्रेझेंटेशन्ससाठी, नाइट ड्राइव्हसाठी, तापात गाठलेल्या ऑफिससाठी असा कायदा कोण करणार? 'आज जमत नाही' हे आपणच म्हणायचं असतं. एका फोनचं तर काम!

आणि हो, त्या दिवशी चिंब भिजून दारात उभी राहिले, तर इंटरव्ह्यू देणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, उद्या आली असतीस तरी चाललं असतं!"