फेरीबोट तोट्यात, आणि पूल काय नफ्यात?

चोडणचा शेतकरी पहाटे भाजीची पोती स्कूटरला बांधतो, धक्क्यावर येतो आणि फेरीबोटीतून रायबंदरला उतरतो. पैसे देत नाही. आता तुम्हीच सांगा, हा माणूस सरकारचे काही फुकट खातो काय?

सरकारला तसे वाटू लागले होते. २०२३ च्या नोव्हेंबरात नदी परिवहन खात्याने नवे दर काढले. पायी माणसाला माफी, पण दुचाकीला १० रुपये आणि चारचाकीला ४० रुपये. मासिक पासाची सोय ठेवली होती, हे खरे. पण पास उपयोगी पडतो तो रोज ठरलेल्या वेळी कचेरीत जाणाऱ्याला. ज्या दिवशी जाळ्यात मासळी लागेल त्या दिवशीच बाजार गाठणाऱ्याने, किंवा पाऊस उघडला तर भाजी काढणाऱ्याने, महिन्याचे पैसे आधी कुठल्या भरवशावर भरावेत? बेटांवर संताप उसळला, विरोधी पक्षांनी आवाज चढवला आणि सरकारने दरवाढ स्थगित ठेवली. स्थगित, बरे का! स्थगित ठेवलेली गोष्ट कपाटात असते, चुलीत नसते.

कारण जुनेच: खाते तोट्यात आहे. डिझेल, पगार, दुरुस्ती यांचा खर्च मोठा आणि तिकिटांचे उत्पन्न नगण्य. हे खोटे नाही. पण तोटा हा शब्द दुकानाला शोभतो. मांडवीवर २०१९ साली अटल सेतू खुला झाला. त्यावरून जाणाऱ्या मोटारीला कोणी टोल मागत नाही, आणि ‘पूल तोट्यात गेला’ असे भाषण विधानसभेत कोणी करत नाही. पर्वरीच्या माणसाचा रस्ता सिमेंटचा म्हणून तो विकास, आणि दिवाडीच्या माणसाचा रस्ता पाण्यावर तरंगतो म्हणून तो खर्च! खाजनाचा बांध घालताना आपण विचारतो काय, की हा बांध वर्षाला किती कमावतो? बांध फुटला की खारे पाणी भातात शिरते, तेव्हा त्याची किंमत कळते.

फेरीबोटीची किंमत पणजीकरांना एकदा अशीच कळली होती. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. नवा पूल १९९२ मध्ये उभा राहिला. मधल्या काळात पणजी आणि बेती यांच्यामध्ये माणसे पुन्हा पाण्यावरून ये-जा करू लागली. राजधानीवर पाळी आली तेव्हा फेरीबोट अत्यावश्यक होती. आज ती बेटावरच्यांची, म्हणून ओझे.

तेरेखोलचे तर आणखीच. गाव गोव्याचे, पण नदीच्या पलीकडे, जमिनीने महाराष्ट्राला लागलेले. केरीची फेरी बंद पडली की तिथल्या माणसाला आपल्याच तालुक्यात यायला आरोंद्यावरून वळसा घालावा लागतो. त्या फेरीचा नफा-तोटा कुठल्या वहीत मांडणार?

मात्र एक गोष्ट आपल्यालाही ऐकून घ्यावी लागेल, आणि ती गोड नाही. सगळे फुकट, सर्वांना फुकट, या मागणीने आपलेच नुकसान होते. ज्याला तिकीट नाही त्याची तिकीटबुकात नोंद नाही. मग खात्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजू लांबच लांब, आणि जमेच्या बाजूला तुम्ही नाहीच! पोती वाहणारा, शाळेत जाणारी पोर, डॉक्टरकडे नेलेली म्हातारी, यांतले कोणी त्या कागदावर दिसत नाही. म्हणून शून्य रुपयांचे का होईना, प्रत्येकाला तिकीट द्या आणि मोजा, अशी मागणी करा. आणि सुट्टीला पक्षी बघायला मोटार घेऊन येणाऱ्याने ४० रुपये दिले तर आम्हाला त्यात अन्याय दिसत नाही. ते चहा-भज्यांवर त्याहून जास्त खर्च करतात. बेटावरच्या रहिवाशाला आणि त्याच्या दुचाकीला माफी, बाहेरच्या मोटारीला आकार, एवढा साधा भेद सरकारला जमू नये?

२०२५ च्या जुलैत रायबंदर–चोडण मार्गावर दोन रो-रो बोटी आल्या. जास्त गाड्या घेतात, रांग कमी होते. स्वागत करू या. पण बोट नवी म्हणून दर नवे, ही वाट तिथूनच फुटू शकते, तिच्यावर नजर ठेवा. शिवाय नवी बोट एका मार्गावर आली म्हणून बाकीच्या धक्क्यांवरच्या जुन्या बोटींची दुरुस्ती थांबता कामा नये.

निवडणूक जवळ आली की दरवाढ स्थगित आणि ती उरकली की तोटा आठवतो, हा खेळ दर वेळी तुमच्याच धक्क्यावर का व्हावा? पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. एक, प्रत्येक मार्गाचा वेगळा हिशोब, माणसांच्या आकड्यासह, पंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. दोन, शेवटची फेरी किती वाजता सुटणार आणि बोट बिघडली तर बदली बोट किती वेळात येणार, हे खात्याने लेखी द्यावे. ठरावाची नक्कल आमदाराच्या हातात देऊन पोच घ्या.