गोष्ट मध्येच थांबवा

आपल्या मराठी शाळांत थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना पहिल्याच वाक्यात शेवट सांगून टाकण्याची पद्धत पडून गेली आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे भारतरत्न होते, त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. मुलं वहीत लिहून घेतात आणि त्यांच्या मनात पक्कं बसतं की ही माणसं मुळातच वेगळी होती, त्यांचं सगळं चांगलं होणारच होतं. अशा गोष्टीतून मुलं आदर शिकतात, आशा शिकत नाहीत. इथे अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना आशेची गरज जास्त आहे, आणि ती वर्गात शिकवता येते, असं माझं ठाम मत आहे.

हेच कर्वे शाळकरी वयात असताना कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी निघाले. शंभर मैलांच्या वरची वाट, सह्याद्री ओलांडून, पायी. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षकांनी सांगितलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. मी ही गोष्ट वर्गात नेमकी इथे थांबवते. पुढचं सांगत नाही. फळ्यावर एकच प्रश्न लिहिते : आता काय करायचं?

आधी वर्ग गप्प असतो. मग एकेक हात वर होतो. कुणी म्हणतं, परीक्षकांच्या वरच्या साहेबांकडे जावं. कुणी म्हणतं, घरून कागद मागवावा, पण तो यायला किती दिवस लागतील? नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, “पुढच्या वर्षी तो मोठा दिसेल ना, तेव्हा परत जाऊ दे.” फळा वाटांनी भरून गेला की मग सांगायचं, की त्यांनी पुढे ती परीक्षा कोल्हापूरला जाऊन दिली आणि पास झाले. तोवर मुलांनी स्वतः अर्धा डझन वाटा शोधलेल्या असतात. भारतरत्नाचा उल्लेख त्या दिवशी केला नाही तरी चालतो.

कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेचा विचार असाच केला. काहीतरी गाठायचं असणं, तिथे जाण्याच्या वाटा सुचणं आणि त्या वाटेने जाण्याचं बळ आपल्यात आहे असं वाटणं, या तीन गोष्टी मिळून त्यांच्या मते आशा होते. मुलांसाठी त्यांनी १९९७ साली सहा विधानांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यातली तीन विधानं वाटांबद्दल आहेत आणि तीन बळाबद्दल. ‘सगळं छान होईल’ असं मनाला बजावणं त्यात कुठेच नाही. आपण मात्र मुलांना तेवढंच देतो. ‘होईल रे, टेन्शन घेऊ नकोस.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

याहून वाईट म्हणजे, घरात आशा प्रत्यक्ष कामाला लागलेली असते तेव्हा आपण दार लावून घेतो. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की या देशात राहून दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात. त्या आठवड्यांत आई-बाबा रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून कंपन्यांची यादी करतात, जुन्या सहकाऱ्यांना फोन लावतात, पुण्याला परतायची वेळ आली तर शाळेचं काय, हेही बोलून ठेवतात. मुलांना फक्त दबलेले आवाज ऐकू येतात, आणि त्या आवाजांतून ती शिकतात ती भीती. झेपेल एवढं त्यांना सांगावं : अडचण ही आहे, आम्ही या तीन गोष्टी करतोय, त्या जमल्या नाहीत तर चौथी करू. इतकं प्रामाणिक शिक्षण कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

काही पालक म्हणतात, आधी जोडाक्षरं तर येऊ द्या, मराठी शाळेने भाषा शिकवावी. पण ‘असं झालं नाही तर तसं करू’, ‘त्याने विचारलं असतं तर’, ही वाक्यं मुलं व्याकरणाच्या तासाला घोकतात आणि विसरतात. कर्व्यांना साताऱ्यातून सोडवायचं असतं तेव्हा तीच वाक्यं त्यांच्या तोंडून आपोआप येतात, अडखळत का होईना.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. प्रत्येक वाट कोल्हापूरला पोचत नाही. हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळत नाही, आजारी आजी बरी होत नाही. खरं आहे, आणि म्हणूनच एखादी वाट सोडून देणं, प्रसंगी ध्येयच बदलणं, हेही याच तासाला शिकवायला हवं. जे मूल आठवडेच्या आठवडे खिन्न आहे, जेवत-झोपत नाही, त्याला मात्र गोष्ट पुरणार नाही. त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडेच न्यायला हवं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की पुढच्या सत्रात महिन्यातला एक रविवार अशा अर्ध्यावर थांबवलेल्या गोष्टीला द्या. आणि ज्या पालकांची आपल्या घरातली अडचणीची गोष्ट वर्गात येऊन सांगायची तयारी आहे, त्यांनी सत्र सुरू होण्याआधी शाळेच्या समन्वयकांकडे नाव द्यावं. गोष्ट अजून संपलेली नसेल, तरी यावं.