पीपल एक्स्प्रेस : नावाचे मालक

कामगाराला कंपनीचे चार शेअर दिले की तो मालक होतो आणि मालक-नोकर हा झगडा आपोआप मिटतो, असे मत व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून आणि वर्गातल्या चर्चांतून वारंवार ऐकू येते. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी अमेरिकेतील एका अल्पायुषी विमान कंपनीची हकीकत पुढे ठेवतो. तिचे नाव पीपल एक्स्प्रेस. एप्रिल १९८१ मध्ये तिचे पहिले विमान उडाले आणि १ फेब्रुवारी १९८७ रोजी तिचे नाव पुसले गेले.

१९७८ पर्यंत अमेरिकेत कोणत्या कंपनीने कोणत्या शहरी जायचे आणि भाडे किती घ्यायचे, हे एक सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षी कायदा बदलला आणि मैदान मोकळे झाले. टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीत फ्रँक लोरेन्झो यांच्याबरोबर काम करणारे डोनाल्ड बर १९८० मध्ये तेथून बाहेर पडले व काही सहकाऱ्यांसह त्यांनी ही नवी कंपनी काढली. लोरेन्झो हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

न्यूयॉर्कशेजारच्या नेवर्क विमानतळावरील जुने टर्मिनल आणि लुफ्तान्साकडून घेतलेली वापरलेली बोइंग ७३७ विमाने, एवढ्यावर संसार सुरू झाला. भाडे विमानात बसल्यावर द्यायचे, आपल्या एस. टी.च्या कंडक्टरसारखे कर्मचारी आसनांमधून फिरून ते गोळा करीत. सामान टाकायचे तर बॅगेमागे तीन डॉलर, कॉफी हवी तर पन्नास सेंट. १९८३ मध्ये नेवर्क ते लंडन हा प्रवास या कंपनीने १४९ डॉलरांत सुरू केला. एरवी ज्यांनी बसने प्रवास केला असता किंवा घरीच बसले असते, अशी माणसे विमानात बसू लागली. ही कामगिरी लहान नव्हे, आणि तिचे श्रेय बर यांना दिलेच पाहिजे.

परंतु व्यवस्थापनाचे अभ्यासक तिकडे धावले ते स्वस्त भाड्यासाठी नव्हे. कायम नोकरीत येणाऱ्या प्रत्येकाने सवलतीच्या भावात कंपनीचे शंभर शेअर विकत घेतलेच पाहिजेत, असा येथे नियम होता. सगळेच ‘मॅनेजर’! वैमानिक हा फ्लाइट मॅनेजर, प्रवाशांची सेवा करणारी मुलगी कस्टमर सर्व्हिस मॅनेजर. वैमानिकाने जमिनीवरची कामेही करायची, वरिष्ठांना खाजगी सेक्रेटरी नाही. पगार इतर कंपन्यांपेक्षा कमी. पण शेअरचा भाव चढत होता, तोवर ते कोणाला बोचले नाही. युनियनचा तर प्रश्नच नव्हता, कारण मालक स्वतःविरुद्ध युनियन कशाला काढील?

मला शंका येते ती येथेच. सहकारी संस्थेत ज्याचे शंभर शेअर त्यालाही एक मत आणि ज्याचा एक त्यालाही एकच मत, हे आपल्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते मत कसे वळवले जाते, हेही ठाऊक असते, असो. पीपल एक्स्प्रेसमध्ये कर्मचाऱ्याजवळ शेअर होते, पदवी होती, दिवसाचे बारा-बारा तास काम होते. कंपनी कोणत्या दिशेने न्यायची, हा निर्णय मात्र बर आणि संचालक मंडळाचा.

तो निर्णय १९८५ मध्ये झाला. डेन्व्हरची फ्रंटियर ही जुनी कंपनी सुमारे तीस कोटी डॉलर देऊन विकत घेण्यात आली. फ्रंटियरवर लोरेन्झोंचाही डोळा होता. युनियनविरोधी म्हणून त्यांची ख्याती असल्याने फ्रंटियरच्या कामगारांनी बर यांना पसंती दिली. पण फ्रंटियरचा खर्च मोठा, पगार मोठे आणि प्रवासी जेवणखाणाची सवय असलेले. त्यांच्यावर नेवर्कची काटकसर लादताच ते दुसऱ्या कंपन्यांकडे वळले. ऑगस्ट १९८६ मध्ये फ्रंटियर बंद पडली.

पाठ्यपुस्तके यापेक्षा निराळे कारण पुढे करतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडॉल यांनी जानेवारी १९८५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने नवी युक्ती काढली. जी आसने एरवी रिकामी जाणार तेवढीच, आगाऊ तिकीट घेणाऱ्यांना पीपल एक्स्प्रेसच्या भावात विकायची, आणि घाईच्या प्रवाशाकडून मात्र पूर्ण भाडे घ्यायचे. पीपल एक्स्प्रेसजवळ असा संगणक नव्हता. आसनांपेक्षा जास्त माणसे नोंदवून ठेवल्याने तिच्या प्रवाशांचे असे हाल होत की लोक तिला ‘पीपल्स डिस्ट्रेस’ म्हणू लागले. हे कारण खोटे नाही. पण संगणकाने घायाळ झालेल्या कंपनीच्या गळ्यात फ्रंटियरची धोंड कोणी बांधली, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर त्या हजारो ‘मालकां’कडे नाही.

सामान्य नोकराची नोकरी बुडाली तरी बँकेतली शिल्लक राहते. येथे कर्मचाऱ्याची बचतही त्याच कंपनीच्या शेअरमध्ये अडकली होती, आणि भाव कोसळला तो नोकरी डळमळत असतानाच. युनियन नसल्याने त्यांच्या वतीने वाटाघाटीला बसणारेही कोणी नव्हते. सप्टेंबर १९८६ मध्ये सौदा ठरला. विकत घेणारी कंपनी होती टेक्सास एअर, आणि तिचे सूत्रधार फ्रँक लोरेन्झो. पुढच्या फेब्रुवारीत पीपल एक्स्प्रेसची विमाने आणि माणसे त्यांच्याच कॉन्टिनेन्टल कंपनीत गेली. तेथे कोणी कोणाला मॅनेजर म्हणत नव्हते.