दुसऱ्याच खात्यातील देणे

बँकेत माझे एक सहकारी होते. ताळेबंद जुळला, सह्या झाल्या, तरी ते घरी जाण्यापूर्वी पुन्हा एकदा बेरीज तपासत. गेल्या महिन्यात एका तरुणाने त्यांची आठवण करून दिली. वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसणारा, पंचविशीतला मुलगा. “काका, कर्जाविषयी विचारायचे आहे,” म्हणून आला आणि पिशवीतून रक्ततपासणीचे पाच अहवाल काढले. दोन खोट्या नावाचे होते!

खरेदीसाठी सुरतेस गेला असता एका स्त्रीशी जवळीक घडली होती. चुंबन आणि अंगस्पर्श. त्यापुढे काही नाही. तेव्हापासून एच.आय.व्ही.च्या भयाने तो पोखरला गेला. दिवसातून दहा वेळा ताप मोजावा, आरशात घसा पाहावा. अन्न जाईना म्हणून वजन उतरले, तर तेही रोगाचेच लक्षण वाटू लागले. घरातील पेल्यांना तोंड लावणे त्याने सोडले होते.

वास्तविक लाळ, स्पर्श वा एका ताटातील भोजन यांतून एच.आय.व्ही. पसरत नाही. ओठांवर व्रण असल्यास हर्पिस, क्वचित सिफिलिस लागू शकतो. त्यासाठी तज्ज्ञास एकदा दाखवावे. ते त्याने केले होते, सिफिलिसची तपासणीही झाली होती, आणि काही आढळले नव्हते. एच.आय.व्ही.ची पहिली चाचणी त्याने दहाव्याच दिवशी केली. पुढील तारखेचा धनादेश आधी कसा वटेल? प्रतिजन व प्रतिपिंड दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी 45 दिवसांनी, तर केवळ प्रतिपिंडांची 90 दिवसांनी निर्णायक मानतात. घाई करायची ती खरोखर धोक्याचा, असुरक्षित संबंध घडला तर: प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्याचे शेवटचे दोन अहवाल 95 व्या आणि 130 व्या दिवसाचे होते. सहाव्याची वेळ त्याने ठरवून ठेवली होती.

खोटे नाव सांगण्याचीही गरज नव्हती. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते, आणि 2017 च्या कायद्याने संमती व गुप्तता यांची हमी दिली आहे. 1097 या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.

हे सारे त्याला ठाऊक होते. माझ्याहून अधिक ठाऊक होते. मग तो हळूच म्हणाला, “पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे.” तेव्हा उलगडा झाला. देणे अपराधाच्या खात्यातील होते आणि तो ते रोगाच्या खात्यात लिहीत होता. अशा वेळी कितीही बेरजा केल्या तरी मेळ बसत नाही.

“तिला सांगावे का?” त्याने विचारले. मी म्हटले, “त्याचे उत्तर सहाव्या अहवालात येणार नाही. एखाद्या समुपदेशकाकडे जा, मन मोकळे कर, मग ठरव.”

सहावी तपासणी त्याने माझ्यासमोरच रद्द केली. अहवालांची पिशवी माझ्या कपाटात आहे. किल्ली मागायची नाही, एवढाच करार.